बांधावरची बाभूळ

दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर राजकीय विचारप्रणाली शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले होते, डावीकडे उदारमतवाद, उजवीकडे पुराणमतवाद. खाली नेहमीचा मालमसाला: व्यक्ती की कुटुंब, हक्क की कर्तव्य, सुधारणा की परंपरा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, नवउदारमतवाद कुठं लिहायचा?" तास संपायला चार मिनिटं उरली होती. "मधे लिही," म्हणाले. पोरानं खरोखरच दोन रकान्यांमधल्या रेघेवर, अक्षरं बारीक करत, तो शब्द उभा लिहून काढला.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास झाला तर पैसे, आणि दोन तासांमधला वेळ बिनपगारी. त्या बिनपगारी वेळात मी बरेच दिवस त्या रेघेवरच्या शब्दाचा, बाजार आणि स्पर्धेवर भिस्त ठेवणाऱ्या त्या मताचा, विचार करत होते. 'मधे' हे उत्तर परीक्षेपुरतं ठीक होतं, पण माझ्या घरात जे पाहिलं त्याच्याशी ते जुळत नव्हतं.

आधी त्या शब्दाचंच बघा. मराठीत उदार म्हणजे हात सैल असलेला, दारी आलेल्याला रिकामं न पाठवणारा. १९९१ साली उदारीकरण आलं तेव्हा सरकारचा हात सैल झाला तो परवान्यांवरचा. तिजोरीवरची मूठ उलट आवळली गेली. उत्तरपत्रिकेत दरवर्षी कुणीतरी 'नवउधारमतवाद' लिहितं. मी लाल रेघ मारते, पण मारताना हात अडखळतो. ज्या घरात ट्रॅक्टरचं कर्ज, शिक्षणाचं कर्ज आणि फोनचा हप्ता एकाच कमाईतून जातो, त्या घरातल्या पोराचं शुद्धलेखन चुकलंय असं तरी कसं म्हणायचं? त्या काळच्या मोर्च्यांत खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तिघांची मोळी बांधून 'खाउजा' केलं होतं. नुसतं म्हटलं तरी शिवी हासडल्याचं समाधान मिळावं असं नाव. आमच्या घरात मात्र तो शब्द चालत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, शेतकरी संघटनेचे होते.

आमचं गाव निफाड तालुक्यात. आबांच्या शर्टाला इस्त्री नसली तरी चाले, खिशावर संघटनेचा लाल बिल्ला लागायचाच. नोव्हेंबर १९८० मध्ये खेरवाडीला रेल्वे रोखली, पोलिसांनी गोळीबार केला, दोन शेतकरी गेले, त्या आंदोलनात आबा होते. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी बडबडगीतांच्या आधी शिकले असेन.

संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींचं म्हणणं, आबांनी मला समजावलं तसं, फार साधं होतं. शेतकरी गरीब आहे तो अडाणी म्हणून नव्हे, आळशी म्हणून तर नव्हेच. त्याच्या मालाला भाव मिळू दिला जात नाही म्हणून. शहरातल्या लोकांना आणि कारखान्यांना स्वस्त माल मिळावा यासाठी सरकार निर्यात अडवतं, साठ्यांवर मर्यादा घालतं, लागेल तेव्हा बाहेरून माल आणतं. सबसिडी म्हणून एका हातानं देतं त्याहून जास्त दुसऱ्या हातानं काढून घेतं. याला त्यांनी 'उणे सबसिडी' म्हटलं. मग उपाय काय? सरकारनं शेतकऱ्याच्या पाठीवरून उतरावं, बास. हे म्हणणारा माणूस आयुष्यभर तेच म्हणत राहिला. त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावावर, म्हणजे शेतमालासह जागतिक व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्यावर, सगळे डावे तुटून पडले तेव्हा जोशींनी त्याचं स्वागत केलं. ऐंशीच्या आंदोलनांमुळे त्यांना आपला मानणारे पुष्कळ समाजवादी त्या दिवसापासून त्यांच्याकडे संशयानं पाहू लागले. आबांना यात काही वेगळं वाटलं नाही. ते म्हणायचे, "माणूस तिथंच उभा आहे, ह्यांनाच आत्ता दिसला."

मी नऊ-दहा वर्षांची असताना आबांबरोबर लासलगावच्या बाजार समितीत जायचे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असायची. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत यायचा. कुणी मूठभर कांदे उचलायचा, एखादा दाबून बघायचा, पत्ती कशी, मान नीट वाळलीय का. मग बोली सुटायची, क्विंटलमागे पाच-दहानं चढायची, आणि एका मिनिटाच्या आत सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागायचा. आबा मान हलवायचे किंवा नाही म्हणायचे. नाही म्हणणं परवडण्यासारखं क्वचितच असायचं, कारण परत न्यायचं भाडं कोण देणार. भाव पडलेला असला की परतीच्या वाटेवर ते मला म्हणत, "ह्या शेठनं नाही पाडला. दिल्लीत पडला."

तेव्हा पटायचं. आता शिकवायला लागल्यावर त्या आवाराकडे पाहताना दुसरंच दिसतं. आबांना मोकळा बाजार म्हणजे काय हे दाखवायला जी जागा होती, ती सरकारी कायद्यानं उभी केलेली होती. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत मोडून सगळ्यांसमोर तोंडानं बोली लावा, व्यापाऱ्यानं परवाना घ्यावा, वजन प्रमाणित काट्यावर व्हावं, हे सगळं राज्याच्या १९६३ च्या कायद्याखालच्या यंत्रणेतलं. पुढं त्या यंत्रणेत पुढारी घुसले, आडत आली, मक्तेदारी आली, ती गोष्ट खरीच. पण बाजार आभाळातून पडत नाही, कुणीतरी तो बांधतं, हे लासलगावात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

गंमत म्हणजे नवउदारमतवादाच्या मूळ पुरुषांना हे पक्कं ठाऊक होतं. १९३८ मध्ये पॅरिसला वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराच्या पुस्तकावर चर्चा करायला काही मंडळी जमली. युरोपात एका बाजूला हिटलर, दुसऱ्या बाजूला स्टालिन, मागं १९२९ ची मंदी. 'सरकारनं काहीच करू नये' हा एकोणिसाव्या शतकातला उदारमतवाद बुडाला हे त्यातल्या अनेकांना मान्य होतं. स्पर्धा टिकवायची तर त्यासाठी कायदे करणारं, ते राबवणारं खंबीर सरकार लागतं, अशी मांडणी तिथं झाली, आणि 'नव' हे उपपद त्या बैठकीत पुढं आलं. १९४७ मध्ये फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या माँ पेलरँला पुन्हा अशीच माणसं गोळा केली. (शरद जोशी शेतीत उतरण्यापूर्वी त्याच देशात, बर्नला, जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण हा योगायोग मला उगाच आवडतो.)

म्हणजे जन्माच्या दाखल्यानुसार हे बाळ उदारमतवादाच्या घरचं. हायेकनं तर १९६० मधल्या आपल्या ग्रंथाला 'मी पुराणमतवादी का नाही' असं परिशिष्टच जोडलं. पुराणमतवाद्याला बदलाची भीती वाटते, सत्ता आपल्या माणसाच्या हाती असली की तिला आवर घालावा असं त्याला वाटत नाही, अशी त्याची तक्रार. आणि मग किस्सा सांगतात तो असा: सत्तरीच्या दशकात ब्रिटनच्या पुराणमतवादी, म्हणजे हुजूर पक्षाच्या बैठकीत मार्गारेट थॅचरबाईंनी पिशवीतून हायेकचा हाच ग्रंथ काढला, टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, आपला विश्वास यावर आहे. परिशिष्ट बाईंनी वाचलं होतं की नाही, ते किस्सा सांगणारे सांगत नाहीत.

आमच्या आणि चुलत्यांच्या रानाच्या बांधावर एक बाभूळ होती. लाकूड तोडायची वेळ आली की ती दोघांची. सावलीनं खालचं पीक बसलं की ती समोरच्याची. या विषयाचं तसंच झालंय. इंग्लंड-अमेरिकेत थॅचर-रेगनच्या पक्षांनी फांद्या नेल्या, तर दहा-पंधरा वर्षांनी ब्लेअर-क्लिंटनच्या पक्षांनीही नेल्या. आपल्याकडे १९९१ चं श्रेय काँग्रेसच्या राव-मनमोहन सिंग जोडीचं, आणि निर्गुंतवणुकीसाठी वेगळं मंत्रालय थाटलं ते वाजपेयी सरकारनं. पीक बसलं त्याबद्दल मात्र दोघंही एकमेकांच्या शेताकडे बोट दाखवतात.

आता ही बाभूळ मराठी रानात लावून बघा, रकाने आणखी विस्कटतात.

न्यायमूर्ती रानडे आमच्या तालुक्यातले, १८४२ मध्ये निफाडला जन्मले. महाराष्ट्रातल्या उदारमतवाद्यांचे मूळपुरुष म्हणावेत असे. पण १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं ते इंग्रजांच्या खुल्या व्यापाराच्या शास्त्राविरुद्ध. हे नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून आलेत, ते सगळीकडे लागू होत नाहीत, इथल्या उद्योगांना सरकारनं हात द्यायला हवा, हे सांगताना त्यांनी फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा दाखला घेतला. त्यांच्या परंपरेतल्या गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. तेही सरकारकडेच मागणं. उलट १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून, मुलीचं वय दहावरून बारा करण्यावरून, रान उठलं तेव्हा 'परक्या सरकारनं आमच्या समाजात हात घालू नये' हा मुद्दा होता टिळकांचा. म्हणजे आमच्याकडे 'सरकार, या' म्हणणारे उदारमतवादी आणि 'सरकार, दूर राहा' म्हणणारे सनातन्यांच्या बाजूचे. फक्त टिळकांना दूर ठेवायचं होतं ते माजघरापासून. बाजारापासून दूर ठेवायची मागणी व्हायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं आणि चाकणचा कांदा, म्हणजे शरद जोशींचं तिथलं कांदा-आंदोलन, लागलं.

रानड्यांच्या बाबतीतली दुसरी एक गोष्ट मी वर्गात कधी सांगत नाही, कारण पोरं हसतात. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे १८७३ मध्ये स्वतः विधुर झाले. सगळ्यांना वाटलं, आता हे विधवेशी लग्न करणार. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि रानडे बोहल्यावर उभे राहिले. त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी शिकवलं, पुढं त्या मोठ्या झाल्या, ते सगळं मान्य. पण वडिलांना नाही म्हणता आलं नाही. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण आता मीसुद्धा एक सही करून बसले आहे. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी आईची.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. आई गेली होती, चार वर्षांची मी तिच्या कडेवर. मला आठवतंय ते फक्त धूळ आणि एवढ्या बायका. नंतर 'लक्ष्मीमुक्ती' आली: शेतकऱ्यानं आपणहोऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. इथं ना सरकारचा कायदा, ना सक्ती, सगळं स्वेच्छेनं. संघटनेच्या विचाराला धरूनच. आबांनी वीस गुंठे आईच्या नावावर केले. भावकीत महिनाभर थट्टा चालली. आईनं त्या सातबाऱ्याची प्रत देव्हाऱ्यामागं ठेवली, हळदीकुंकू लावून. कागदाला हळदीकुंकू लावणारी ती बाई कुठल्या रकान्यात टाकायची, हेही मला त्या पोराला विचारायचं आहे.

मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. विरोधातलं ते एक मत शरद जोशींचं. मतदारसंघ दर वेळी फिरते ठेवायच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. आबांनी तो आईला पोटतिडकीनं समजावून सांगितला. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "फिरतं तर फिरतं. बसायला तरी मिळालं असतं." युती करून भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर जोशी राज्यसभेत गेले होते, तेही तिनं त्याच दमात काढलं. आबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

जोशी डिसेंबर २०१५ मध्ये गेले, आबा त्यानंतर दीड वर्षानं. वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. कायद्यानं हक्क होताच: महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ मध्येच समान वाटा दिला, केंद्रानं २००५ मध्ये. वर्षश्राद्धानंतर आम्ही दोघी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या करून आलो. कागदावर लिहिलं होतं: स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता. फोटो निघाला, अंगठा मशीनवर टेकवला. कुणी जबरदस्ती केली? अजिबात नाही. विषयही कुणी काढला नव्हता. 'माहेर राहायला हवं' एवढं एक वाक्य मावशी सहज बोलून गेली होती. वहिनीनं दोघींना पैठणी घेतली.

थॅचरबाईंचं १९८७ मधलं वाक्य सगळे उद्धृत करतात, समाज असं काही नसतंच. पुढचं लोक विसरतात: असतात ते स्त्री-पुरुष, आणि कुटुंबं. व्यक्तीचा हिशोब मांडताना हे कुटुंब मधेच कुठून घुसलं, हा प्रश्न मला शिकवताना नेहमी पडायचा. त्या मशीनवर अंगठा ठेवला तेव्हा उत्तर सापडलं असं वाटलं. आईला उद्या बघणार कोण? दवाखान्याचा खर्च कोण करणार? आबांना पेन्शन नव्हतीच. आता तर नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी नोकरांचीही जुनी पेन्शन गेली. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मार्च २०२३ मध्ये संपावर गेले त्यात माझा मेहुणाही होता, जिल्हा परिषदेचा शिक्षक. सरकारनं जे खांद्यावरून उतरवलं ते जमिनीवर पडून राहत नाही. कुणीतरी ते उचलतं, आणि ते उचलणारं घर जुन्या रिवाजावरच चालतं: जमीन मुलाला, म्हातारपण मुलाकडे, सेवा सुनेकडे. आईच्या म्हातारपणाचा विमा म्हणून आम्ही बहिणींनी एकरकमी हप्ता भरला, असंच म्हणायचं. नवउदारमतवादी कागदाला तिथं दोन मोकळ्या मनाच्या सज्ञान स्त्रियांनी केलेला करार दिसतो. पुराणमतवादी नजरेला गुणी लेकी दिसतात. दोघांचं भांडण होण्याचं कारणच नाही. हायेकनं लिहिलं ते परिशिष्ट खरं मानलं, तरी पुराणमतवाद्यांशी त्याच्या शिष्यांचं इतकं छान का जमलं याचं कारण मला पुस्तकांपेक्षा या एका दस्तात जास्त कळलं. आणि जुना उदारमतवाद, रानड्यांचा? त्यानं निदान माजघराबद्दल प्रश्न विचारला होता. स्वतःच्या माजघरात हरला, पण विचारला होता.

भावाला मी दोष देत नाही. त्याच्या वाट्याला काय आलंय ते २०२३ या एका वर्षात बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा इतका पडला की काढणी-भाड्याचे पैसे निघेनात. त्याचा फोन, "ताई, सरकार काय झोपलंय का? नाफेडनं खरेदीला उतरायला पाहिजे." राज्यानं मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. ऑगस्टमध्ये भाव जरा हलला तोच केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. पुन्हा फोन, "सरकारनं कांद्यात हात घालायचाच कशाला?" मी म्हटलं, मार्चमध्ये तर बोलवत होतास. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "पाडायला येतात तसं उचलायला नको का यायला?" यात विसंगती आहे असं मला वाटेनासं झालंय. भाव चढला की आबांसारखं बोलायचं आणि पडला की रानड्यांसारखं, एवढाच त्याच्यापुढं पर्याय आहे.

त्या अनुदानाचा अर्ज भरायला मीच गावी गेले होते. अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. कांदा निघाला होता आईच्या वीस गुंठ्यांतूनही, विक्रीची पट्टी मात्र भावाच्या नावावर. अशा वेळी सहमतीचं शपथपत्र द्यायचं आणि पैसे सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा व्हायचे. आईनं विचारलं, "म्हणजे माझ्या?" हो म्हटलं. तिनं सही केली, बाराखडी गिरवल्यासारखी, एकेक अक्षर. 'भीक नको' म्हणणाऱ्या चळवळीनं दिलेल्या तुकड्यावर सरकारचं अनुदान येणार होतं. आबा असते तर चिडले असते की हसले असते, सांगता येत नाही.

पैसे हप्त्याहप्त्यानं आले. दिवाळीत गेले तेव्हा आईनं मला मागच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, पासबुक पुढं केलं आणि आकडा वाचून दाखव म्हणाली. दोनदा वाचायला लावला. मग पासबुक देव्हाऱ्यामागं सातबाऱ्याच्या प्रतीत घालून ठेवलं.

"भाऊला सांगितलंस?"

"विचारलं नाही त्यानं," ती म्हणाली, आणि दार उघडून बाहेर वहिनीला चहा टाकायला सांगितला.